शॉक ट्यूबमध्ये त्याच दाबाला पेशी कधी मरतात, कधी मरत नाहीत: पावसाळ्यात परत परत येणाऱ्या दोषाचे निवारण

दोष असा आहे. शॉक ट्यूबमधून, म्हणजे पडदा फोडून दाबाची लहर सोडणाऱ्या नळीतून, १५० किलोपास्कलच्या आसपासची स्फोटलहर चेतापेशींच्या प्लेटवर सोडली, की सोमवारच्या प्लेटमध्ये २४ तासांनी मोजलेले एलडीएच (इजा झालेल्या पेशींतून बाहेर गळणारे विकर) स्फोटलहर न दिलेल्या शॅम प्लेटइतकेच येते, गुरुवारच्या प्लेटमध्ये निम्म्या पेशी तळापासून सुटून माध्यमात तरंगत असतात, आणि कधी कधी तर एकाच प्लेटमधले दोन शेजारचे वेल, म्हणजे पेशींचे खळगे, अगदी उलट निकाल देतात. दाबाचा आलेख मात्र प्रत्येक वेळी जवळजवळ सारखाच दिसतो. पणजीजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत हा दोष जूनमध्ये पाऊस स्थिरावला की डोके वर काढतो आणि चतुर्थी सरेपर्यंत पिच्छा सोडत नाही. त्याचा ऋतूशी संबंध आहे हे कळायला आम्हाला दोन पावसाळे लागले, कारण पहिल्या वर्षी आम्ही सगळा दोष पेशींच्या माथी मारला. एसएच-एसवाय-५-वाय या मानवी चेतापेशीसदृश पेशींची नवी कुपी उघडली, सीरमची बाटली बदलली, प्लेटवरचा, पेशी चिकटवणारा पॉलिलायसिनचा लेप पुन्हा दिला. गुण आला नाही. आज कोणी याच तक्रारीवर मला विचारले, तर पेशींकडे पाहण्याआधी मी हवेकडे पाहायला सांगते: वेलमध्ये अडकलेली हवा, प्लेटच्या तळाखालची हवा आणि दाबसंवेदकाच्या जोडणीत शिरलेली दमट हवा.

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही, हे आधी स्पष्ट करते. स्फोटाने मेंदूला होणाऱ्या इजेत चार प्रकारचे आघात एकमेकांत मिसळलेले असतात: अतिदाबाच्या लहरीचा प्राथमिक, उडालेल्या तुकड्यांचा दुय्यम, माणूस फेकला जाण्याने होणारा तृतीयक, आणि उष्णता, धूर, वायू यांचा चौथा. प्रयोगशाळेतील पेशींचे प्रतिमान आपण वापरतो ते प्राथमिक आघात बाकीच्यांपासून वेगळा करून पाहता यावा म्हणून. २०१६ साली डॅनियल पर्ल यांच्या गटाने स्फोटाला सामोऱ्या गेलेल्या सैनिकांच्या मेंदूंचा मृत्यूनंतर अभ्यास करून दाखवले, की ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींचे व्रण मेंदूत जिथे दोन भिन्न पदार्थ एकमेकांना टेकतात तिथे, म्हणजे करड्या आणि पांढऱ्या द्रव्याच्या सीमेवर, मेंदूच्या आवरणाखाली, निलयांच्या कडेला आणि रक्तवाहिन्यांभोवती, ठळकपणे आढळतात. म्हणजे सीमेवर काय घडते हाच आपल्या अभ्यासाचा गाभा आहे. अशा वेळी आपल्या प्लेटनेच हवा आणि पाणी यांची एक परकी सीमा पेशींजवळ आणून ठेवली, तर आपण मेंदूची इजा मोजतो आहोत की प्लेटची, हे कोणालाच सांगता येणार नाही.

सुरुवात शॅम प्लेटपासून करावी. शॅम म्हणजे स्फोटलहर सोडून बाकी सगळे सोसलेली प्लेट. पुष्कळ ठिकाणी मात्र ती इन्क्युबेटरमध्येच ठेवली जाते आणि तिलाच नियंत्रण म्हटले जाते. आमच्याकडे शॉक ट्यूब यंत्रशाळेच्या मागच्या शेडमध्ये आहे आणि पेशींची खोली दुसऱ्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. मधले अंगण ओलांडून प्लेट थर्माकोलच्या डब्यातून न्यायची, वेलवर चिकटफीत लावायची, चिमट्यात बसवायची, परत आणायची, यात सहज ४० मिनिटे जातात. बायकार्बोनेटवर चालणारे माध्यम इन्क्युबेटरच्या ५ टक्के कार्बन डायऑक्साइडबाहेर आले की त्याचा पीएच वर सरकू लागतो आणि त्यातल्या फिनॉल रेड या पीएच-दर्शकाचा रंग लालसर केशरीवरून गुलाबी जांभळ्याकडे झुकतो. हा बदल डोळ्यांना दिसतो, तरी घाईत तो पाहायचा राहतो. म्हणून प्रत्येक प्रयोगात तीन प्लेट ठेवाव्यात: एक इन्क्युबेटरमधून न हललेली, एक शॅम आणि एक स्फोटलहर दिलेली. न हललेली आणि शॅम यांच्यातच फरक दिसला, तर शॉक ट्यूबला हात लावू नये. दोष वाटेतला आहे. माध्यमात पीएच स्थिर ठेवणारे २५ मिलिमोलर हेपेस घालणे, डब्यात ३७ अंशांपर्यंत तापवलेली जेलची पिशवी ठेवणे आणि शॅम प्लेटही चिमट्यात बसवून तितकाच वेळ काढणे, एवढ्याने आमच्या दोन प्लेटमधला फरक जवळजवळ मिटला. वेलनिहाय उलटसुलट निकाल मात्र तसेच राहिले.

त्यांचे मूळ बुडबुड्यात निघाले. वेल काठोकाठ भरून त्यावर चिकटफीत लावली, की वरून पाहताना सगळे स्वच्छ दिसते. आमची संशोधक विद्यार्थिनी एका सकाळी प्लेट काळ्या कापडावर धरून बाजूने विजेरीचा उजेड टाकत होती, तेव्हा तिला डी-४ या वेलच्या कडेला, फितीला आतून चिकटलेला, भिजवलेल्या साबुदाण्याच्या दाण्याएवढा आणि तितकाच अर्धपारदर्शक असा एक बुडबुडा दिसला. त्या दिवशी तो वेल काढून न टाकता आम्ही मुद्दाम तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बुडबुड्याच्या बरोबर खाली, वेलच्या त्याच कडेला, पेशींच्या थरात एक गोल उघडा डाग होता. डागाच्या काठावरच्या पेशींनी आपले प्रवर्ध आखडून घेतले होते आणि मेलेल्या पेशींतच शिरणाऱ्या प्रोपिडियम आयोडाइडचा लाल रंग पकडला होता, तर पलीकडच्या अर्ध्या वेलमध्ये पेशी शांतपणे पसरलेल्या होत्या. त्या वेलचे एलडीएच वाढलेले आले, आणि एरवी आम्ही तो आकडा स्फोटलहरीच्या परिणामात बिनदिक्कत जमा केला असता.

असे का घडते हे समजून घेतले तर पुढचे उपाय आपोआप सुचतात. पाण्याचा ध्वनिरोध, म्हणजे घनता आणि ध्वनिवेग यांचा गुणाकार, हवेच्या सुमारे ३,६०० पट असतो, आणि ज्याची प्लेट बनते त्या पॉलिस्टायरिनचा पाण्याच्या दीड ते पावणेदोन पट. प्लेटचे प्लास्टिक आणि माध्यम यांच्या सीमेवर म्हणूनच लहर थोडीच अडते, पण हवा आणि माध्यम यांच्या सीमेवर ती जवळजवळ संपूर्ण परतते. शिवाय माध्यम दाबले जात नाही आणि हवा दाबली जाते. त्यामुळे लहरीच्या दाबाने बुडबुडा आक्रसतो, फुगतो, पुन्हा आक्रसतो, आणि त्याच्याभोवतीचे माध्यम पेशींवरून जोराने पुढेमागे सरकते. मोकळ्या पाण्यातल्या १ मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याची स्वाभाविक कंपनसंख्या सुमारे ३.३ किलोहर्ट्झ असते, म्हणजे एका कंपनाला ०.३ मिलिसेकंद लागतात. लहरीचा धन टप्पा, म्हणजे दाब वातावरणापेक्षा वर असण्याचा काळ, काही मिलिसेकंदांचा असेल, तर तेवढ्यात असा बुडबुडा अनेकदा धडधडून घेतो. त्याखालच्या पेशींना अतिदाब नव्हे, तर द्रवाचे घर्षण मारते.

बुडबुडे पावसाळ्यातच का वाढतात, याचे आमच्याकडे दोन कारणांनी उत्तर मिळाले. पहिले कारण फितीचे. वातानुकूलित खोलीत थंड झालेली प्लेट दमट अंगणातून नेली, की तिच्या वरच्या कडांवर दव धरते; ओल्या कडेला फितीचा गोंद बसत नाही, कोपरा किंचित उचलला जातो, माध्यम झिरपते आणि त्याच्या जागी हवा शिरते. दुसरे कारण वर्षभर असते, पण लाईट गेल्यावर घाईत केलेल्या कामात ते जास्त भोवते: शीतकपाटातून काढलेले माध्यम थेट वेलमध्ये भरणे. ४ अंशांच्या पाण्यात ३७ अंशांच्या पाण्याच्या जवळपास दुप्पट प्राणवायू विरघळलेला असतो. ते माध्यम फितीखाली बंद करून तापू दिले, की जास्तीचा वायू बाहेर पडून नेमका फितीखाली जमतो. भरताना बुडबुडा नव्हता आणि स्फोटलहर देताना होता, या कोड्याचा उलगडा तिथे होतो.

उपाय साधा आहे, पण त्याला शिस्त लागते. माध्यम आदल्या रात्रीच वायू येऊ-जाऊ देणाऱ्या झाकणाच्या फ्लास्कमध्ये इन्क्युबेटरात ठेवावे. वेल भरताना द्रवाचा पृष्ठभाग काठाच्या वर किंचित फुगेल इतके भरावे, प्लेटच्या वरच्या कडा निर्जंतुक कागदाने कोरड्या कराव्यात आणि फीत एका बाजूने सुरू करून हळूहळू पुढे लोळवत न्यावी. मधून दाबून मग कडांकडे जाऊ नये. फीत पेशींच्या खोलीतच लावावी, शेडमध्ये नाही. स्फोटलहरीच्या आधी आणि नंतर प्लेटचे काळ्या कापडावर छायाचित्र घ्यावे आणि बुडबुडा असलेला वेल निकालातून वगळावा. मात्र वगळण्याचा नियम आकडे पाहण्याआधी लिहून ठेवलेला असला पाहिजे, नाहीतर नको असलेला प्रत्येक वेल बुडबुड्याच्या नावाने बाहेर जाईल. शंका असेल त्यांनी एकदा मुद्दाम परीक्षा घ्यावी: अर्ध्या वेलमध्ये पिपेटने २० मायक्रोलिटर हवा सोडावी, अर्ध्यात नाही, आणि नेहमीची लहर द्यावी. एवढी एक प्लेट आपल्या जुन्या निकालांबद्दल जे सांगते ते ऐकायला जड जाते, पण ऐकावेच लागते.

बुडबुडे गेल्यावर वेलनिहाय गोंधळ थांबतो, तरी पेशी मोठ्या चादरीसारख्या सुटून येत असतील तर प्लेटच्या खाली पाहावे. प्लेट चिमट्यात अधांतरी धरली असेल, तर तिच्या पातळ तळाच्या एका बाजूला माध्यम आणि दुसऱ्या बाजूला मोकळी हवा असते. दाबाची लहर माध्यमातून खाली येऊन त्या मोकळ्या सीमेवर आदळते आणि उलटी होऊन, म्हणजे दाबाऐवजी ताण होऊन, परतते. आपल्या पेशी नेमक्या त्याच तळाला चिकटलेल्या असतात. त्यानंतरचे काही मिलिसेकंद पूर्ण दाब तळाला खाली वाकवत राहतो आणि पेशींचा थर तळाबरोबर ताणला जातो. ताणाने चेतापेशींना इजा होते हे खरेच आहे आणि लवचीक सिलिकॉन पटलावर पेशी ताणण्याची स्वतंत्र, उत्तम प्रतिमाने आहेत. पण ते स्फोटलहरीच्या नावाखाली नकळत घडू नये. यावरचा खात्रीचा मार्ग म्हणजे पेशींच्या दोन्ही अंगांना द्रव ठेवणे. कोलंबिया विद्यापीठातील बार्कली मॉरिसन यांच्या गटाने शॉक ट्यूबच्या तोंडाशी द्रवाने भरलेले पात्र जोडून त्यात मेंदूच्या कापांची संवर्धने ठेवण्याची पद्धत वापरली, ती याच विचाराची आहे. आम्ही तेवढे पात्र बनवू शकलो नाही. त्याऐवजी ३७ अंशांच्या पाण्याने भरलेल्या उथळ ट्रेमध्ये, तळाखाली हवा राहणार नाही अशा बेताने प्लेट तिरकी करत बुडवून बसवतो. प्लेटच्या तळाला खालून कडेची चौकट असते आणि तिच्या आत हवा हमखास कोंडते, म्हणून चौकटीला दोन बाजूंनी खाचा पाडल्या. एवढ्या खाचांनी चादर सुटणे जवळजवळ बंद झाले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. दोष काढल्यावर पेशींचे मरण कमी होते, आणि नवखे संशोधक त्याने हिरमुसतात, जणू प्रयोग फसला. तसे नाही. मॉरिसन यांच्याच गटाला हिपोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूभागाच्या कापांत असे आढळले, की पेशी फारशा मरत नसतानाही स्फोटलहरीनंतर दीर्घकालीन प्रबलन, म्हणजे चेतासंधींची शिकण्याची क्षमता, खालावते. इजा असते, ती मृत पेशींच्या मोजणीत दिसत नाही, एवढेच. सौम्य स्फोटाघात झालेल्या माणसाच्या बाबतीतही पुष्कळदा असेच असते, आणि म्हणून मला हे शांत दिसणारे निकाल अधिक मोलाचे वाटतात.

आता दाबाचा आलेख. तो सारखा दिसतो म्हणून तो खरा आहे असे धरणे ही आमची दुसऱ्या वर्षाची चूक होती. आमचे पीझोविद्युत संवेदक दाब पडताच विद्युतप्रभार देणाऱ्या जातीचे आहेत. त्यांच्या जोडणीतला विद्युतरोध अतिशय उच्च राहावा लागतो. तिथे ओल किंवा मिठाचा अंश बसला की प्रभार गळतो, शून्यरेषा सरकते आणि लहरीनंतर खोटा ऋण टप्पा दिसू लागतो. समुद्रकाठच्या हवेत ओल आणि मीठ दोन्ही फुकट मिळतात. जोडणी उघडली तेव्हा पितळेवर हिरवट थर धरलेला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, सौम्य उष्णतेवर वाळवणे, वापर नसताना टोपण लावून सिलिका जेलच्या डब्यात ठेवणे, हे आता दर आठवड्याचे काम आहे.

पण संवेदक खोटे बोलत आहे हे जोडणी न उघडताही ओळखता येते, आणि ही युक्ती प्रत्येकाने वापरावी असे मला मनापासून वाटते. आघातलहरीचा वेग तिच्या दाबाशी बांधलेला असतो. हवेसाठी शिखराचा अतिदाब हा वातावरणाच्या दाबाच्या सात-षष्ठांश पट गुणिले (माख अंकाचा वर्ग वजा एक), इतका येतो; माख अंक म्हणजे लहरीचा वेग भागिले ध्वनिवेग. नळीवर एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर दोन संवेदक असतील, तर लहर दोन्हींवर किती अंतराने पोहोचली तेवढेच पाहावे. त्यासाठी संवेदकाचे अंशांकन लागत नाही, फक्त घड्याळ लागते. २८ अंश तापमानाला ध्वनिवेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर धरला, तर ०.५७५ मिलिसेकंदांचे अंतर म्हणजे सेकंदाला ५२२ मीटर वेग, म्हणजे माख १.५, म्हणजे सुमारे १४८ किलोपास्कल. त्या दिवशी आमचा आलेख ११० दाखवत होता. सरकत्या शून्यरेषेवरून शिखर मोजल्यामुळे आम्ही पेशींना ठरवल्यापेक्षा बरीच मोठी मात्रा देत होतो आणि कमी मात्रेला जास्त इजा झाली म्हणून चकित होत होतो. तेव्हापासून दर प्रयोगाच्या नोंदीत दोन आकडे असतात, एक संवेदकाचा आणि एक वेगावरून काढलेला; दोहोंत १० टक्क्यांहून जास्त तफावत आली तर त्या दिवशी पेशी बाहेर काढत नाही.

नोंदणीचा वेगही याच वेळी तपासून घ्यावा. सेकंदाला १०,००० नमुने घेणारे उपकरण दोन नमुन्यांत १०० मायक्रोसेकंद घालवते. एकदम चढून मग झरझर उतरणाऱ्या आदर्श फ्रीडलँडर लहरीचा धन टप्पा १ मिलिसेकंदाचा असेल, तर तेवढ्या वेळात दाब शिखराच्या सुमारे ८१ टक्क्यांवर आलेला असतो, म्हणजे शिखर चुकले तर एक-पंचमांश मात्रा नोंदीतून गळाली. सेकंदाला १० लाख नमुने ठेवले की ही चिंता उरत नाही.

फुटून लहर सोडणाऱ्या नळीतल्या पडद्याबद्दल फार लिहीत नाही. मायलरचे पडदे एकाच गठ्ठ्यातले वापरावेत, फुटण्याचा दाब दर वेळी नोंदवावा, आणि फाटलेला तुकडा सुटून पुढे गेला असेल तर ती प्लेट बाद धरावी. प्लेट नळीच्या तोंडाबाहेर ठेवू नये; तिथे लहरीमागून येणारा वायूचा झोत प्लेटला ढकलतो आणि प्राथमिक आघाताऐवजी तृतीयक आघात मोजला जातो.

मोजणीतल्या दोन खोडी मात्र या दोषाशी सहज मिसळतात. सीरममध्ये मुळातच एलडीएच असते, म्हणून मोजणीच्या दिवशी सीरमचे प्रमाण सर्व प्लेटमध्ये सारखे आणि शक्य तितके कमी ठेवावे व पेशीविरहित माध्यमाचा कोरा वेल प्रत्येक प्लेटवर असावा. आणि एमटीटीचा, म्हणजे पेशींच्या चयापचयाच्या चाचणीचा, आकडा खाली आला म्हणजे पेशी मेल्या असे नाही. एसएच-एसवाय-५-वाय पेशींची तळाला पकड मुळातच सैल असते, त्या जिवंतपणीच सुटून धुण्याच्या पाण्याबरोबर जातात. वरचे माध्यम फेकण्याआधी ते अपकेंद्री यंत्रात फिरवून तळाशी बसलेल्या पेशी, मेलेल्याच पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने पाहिल्या, की त्या मेलेल्या होत्या की केवळ सुटलेल्या, ते पाच मिनिटांत कळते.

निकालांची विसंगती मोजताना संख्याही नीट धरावी. एका लहरीखाली बसलेले २४ वेल हे २४ प्रयोग नव्हेत. लहर एक, तर प्रयोग एक. आमच्या जुन्या नोंदी अशा रीतीने पुन्हा मांडल्या, तेव्हा ज्याला आम्ही ठाम परिणाम म्हणत होतो त्यांतले काही केवळ दोन-तीन लहरींवर उभे असल्याचे दिसले, आणि ते प्रयोग आम्ही कोरड्या महिन्यांत पहिल्यापासून केले.

हे सगळे तपासूनही दोष राहिला, आणि कोणा अनुभवी माणसाला विचारायचे ठरवले, तर त्यांच्यापुढे सरासरीचे स्तंभ ठेवू नयेत. दोन्ही संवेदकांचा कच्चा आलेख, त्या दिवशीचे शेडमधले तापमान आणि आर्द्रता, लहरीच्या आधीचे व नंतरचे काळ्या कापडावरचे छायाचित्र, न हललेल्या व शॅम प्लेटचे वेलनिहाय आकडे, पेशींचा पॅसेज क्रमांक (त्या किती वेळा नव्या भांड्यात उतरवल्या) आणि प्लेट इन्क्युबेटरबाहेर किती मिनिटे होती, एवढे द्यावे. आमच्या विद्यार्थिनीने हे एका छापील कागदावर आणले आहे. तो कागद थर्माकोलच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला असतो आणि तो भरल्याशिवाय प्लेट परत इन्क्युबेटरमध्ये जात नाही.